आधी टाकी मुरू द्या, मासे मागाहून

रत्नागिरीत आमच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. पहिली खाऱ्या पाण्याची टाकी लावली तेव्हा त्यामुळेच मी निर्धास्त होतो. ज्यांच्याकडून सामान घेतलं त्यांनी सांगितलं होतं, ‘तीन दिवस फिल्टर चालवा, पाणी नितळ झालं की मासे सोडा.’ तिसऱ्या दिवशी पाणी खरंच नितळ होतं. मी क्लाउनफिशची, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांची, जोडी सोडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे फिल्टरच्या धारेपाशी तोंड वर करून उभे, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. दाणा पुढे आला तरी तोंड उघडत नव्हते. एक त्याच रात्री गेला, दुसरा दोन दिवसांनी. पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. नंतर एका मित्राच्या पाणी तपासायच्या किटवर तपासलं, तर नळीतलं पिवळं पाणी बघता बघता गडद हिरवं झालं. तो माशांना मारणारा अमोनिया होता.

ते दोन मासे आजाराने गेले नाहीत, माझ्या घाईने गेले. नवीन माणसाच्या हातून तसं होऊ नये म्हणून पहिल्या दीड महिन्यात काय करायचं ते सविस्तर लिहितो.

नेमकं मुरतं काय?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेला दाणा आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो, टाकीत तिथल्या तिथे साठतो. त्याला संपवणारे जिवाणू दोन गटांत असतात. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे काम जिवाणूच करतात, हे सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास असे जिवाणू वेगळे काढून दाखवलं. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात असलं तरी मासे तग धरतात, आणि पाणी बदलून ते कमी करता येतं. दोन्ही गटांची पुरेशी वसाहत उभी राहणं, यालाच हौशी मंडळी ‘टाकी सायकल झाली’ म्हणतात. मी ‘टाकी मुरली’ म्हणतो, कारण लोणच्यासारखंच इथेही बरणी हलवून काम लवकर होत नाही.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभरात दुपटीहून जास्त होतात, पण यांना एकदा दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस किंवा जास्तही लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत नाहीत, दगडाला, वाळूला, स्पंजला चिकटून राहतात. म्हणून मित्राच्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून फारसा फायदा होत नाही. त्याच्या फिल्टरमधला मळकट स्पंजचा तुकडा मात्र विरजणासारखा काम करतो. ती टाकी निरोगी आहे याची खात्री असेल तरच तो घ्या, नाहीतर विरजणाबरोबर रोगही घरी येईल.

खाऱ्या टाकीत अमोनिया जास्त घातक का, हेही समजून घ्या. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जो भाग वायुरूपात मोकळा असतो तोच मुख्यतः माशाला मारतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, जितका जास्त तितका हा भाग मोठा. समुद्री टाकीचा पीएच ८.२च्या आसपास ठेवावा लागतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत तिथे हा विषारी भाग दहा पटींहून अधिक असतो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात आणखी वाढतो. गोड्या पाण्यात गप्पी पाळून जो अनुभव आला असेल तो इथे मोजू नका.

दगड आणि वाळू

उदाहरणासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरू. काचेच्या मापाने ती १९० लिटर भरते, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली की पाणी साधारण १५० लिटर राहतं. पुढचे सगळे हिशेब १५० लिटरचे आहेत. नवख्याने याहून लहान टाकी घेऊ नये असं माझं मत आहे. कमी पाण्यात चूक सावरायला वेळच मिळत नाही.

दगड विकत घ्या. सच्छिद्र कोरडा चुनखडीचा दगड किंवा त्यासाठीच बनवलेला सिरॅमिकचा दगड चालतो. घराशेजारचा चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र दिसतो म्हणून मोह होतो. तो घालू नका. त्यात लोह भरपूर असतं आणि तो पाण्यात झिजत राहतो.

समुद्रातून दगड किंवा प्रवाळ उचलून आणणं हा तर गुन्हाच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, समुद्रघोडेही आहेत. किनाऱ्यावर मेलेला, पांढरा पडलेला तुकडा मिळाला तरी तो घरी आणू नये. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथलं वैभव कुणाच्या दिवाणखान्यात सजवण्यासाठी नाही.

वाळूही पुळणीवरची नको. आमच्या रत्नागिरीत एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र. ती काळी वाळू लोह-टायटॅनियमच्या जड खनिजांमुळे काळी असते. अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची, वाळू दुकानात मिळते. तीच दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरा.

पाणी: समुद्राचं की घरी कालवलेलं?

हा प्रश्न कोकणात प्रत्येक जण विचारतो. पहिल्या टाकीसाठी माझं उत्तर: घरी कालवलेलं.

जूनपासून नद्यांचं गोडं पाणी समुद्रात येतं आणि किनाऱ्याजवळची क्षारता पार उतरते. खाडीच्या तोंडाशी तर ती भरती-ओहोटीगणिक बदलते. जेटीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. हिवाळ्यात काही रात्री लाटा निळ्या चमकतात, ते पाणी दिसायला मोठं सुंदर, पण ती चमक ज्या सूक्ष्मजीवांची असते त्यांच्या पेशींतच अमोनिया साठलेला असतो. डिसेंबर ते एप्रिलमध्ये, खाडीपासून लांब, होडीने आत जाऊन आणलेलं पाणी चांगलं असू शकतं. तेही कापसातून गाळून, झाकून, दोन आठवडे अंधारात ठेवून, क्षारता मोजूनच वापरायचं. एवढी यातायात पुढच्या टाकीला करा.

घरी कालवायचं तर समुद्री टाकीसाठीचं तयार मीठच आणा. मिठागरातलं जाडं मीठ चालत नाही, आणि त्याचं कारण मिठागरातच दिसतं. खाचरातलं पाणी आटतं तेव्हा आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग मीठ पिकतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. हाती येतं ते बहुतांशी नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातलं बाकीचं सगळं मागे राहिलेलं असतं.

पाणी आरओचं घ्या, शक्य तर त्यापुढे डीआयचा, म्हणजे उरलेले क्षार काढणारा, फिल्टर लावून. विहिरीच्या पाण्यात काय काय विरघळलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जे आपल्या जिवाणूंनाच मारतं. प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिंपात एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ या हिशेबाने कालवा. १५० लिटरला साडेपाच किलोच्या आसपास लागेल. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर चुना साखळून पाणी दुधाळ होतं. पंप लावून रात्रभर फिरू द्या. तांब्या-पितळेचं भांडं मध्ये कुठेही येऊ देऊ नका, घरातला तांब्याचा हंडा कितीही घासलेला असला तरी. तांब्याचा अंश झिंग्यांना आणि शंखशिंपल्यांना मारतो.

क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, रिफ्रॅक्टोमीटर या थेंबभर पाण्यावर चालणाऱ्या यंत्राने मोजा. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ हवं. यंत्र ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. फक्त साध्या पाण्यावर शून्य जुळवलेलं यंत्र वरच्या टोकाला चुकतं, हे मला फार उशिरा कळलं.

केव्हा सुरू करावं

दसरा-दिवाळीनंतर. तेव्हा घरात तापमान २६ ते २९ अंश राहतं, जिवाणूंना ते मानवतं आणि हीटर लागत नाही. एप्रिल-मे मध्ये पाणी ३१-३२च्या वर जातं. टाकीवर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते, पंखा नुसता फिरतो. शिवाय पावसाळ्यात लाइट जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा मुळातच पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू धरतं. तेव्हा टाकी कधीही लावा, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून घरात हवा. बंद फिल्टरच्या डब्यात काही तास पाणी कोंडलं तर पुन्हा सुरू करण्याआधी ते पाणी ओतून टाका, टाकीत जाऊ देऊ नका.

जिवाणूंना जेवण

दगड, वाळू, पाणी, फिल्टर, पाणी खेळवणारा पंप, सगळं चालू झालं. दिवे बंदच ठेवा. जिवाणूंना उजेड नको असतो, शेवाळाला हवा असतो. आता अमोनिया घालायचा.

जुनी पद्धत अशी की बाजारातून एक कोळंबी आणायची, जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडायची आणि कुजू द्यायची. चालतं. पण किती अमोनिया सुटेल ते आपल्या हातात नसतं, घरात वास सुटतो आणि मागे फॉस्फेट राहतं. मी ती पद्धत सोडली.

त्याऐवजी नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो आणि भपकन धूर निघतो, तोच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असं नाही, त्यात धातूंचा अंश असू शकतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्या, छोटी बाटली कितीतरी टाक्यांना पुरते.

१० ग्रॅम नवसागर एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटलीत भरा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या द्रावणाच्या १०० मिलीत एक ग्रॅम नवसागर येतो, आणि १५० लिटर पाण्यात तेवढ्याने अमोनिया सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन) होतो. पहिल्या दिवशी १०० मिली घाला, तासाभराने तपासा. किटवर २च्या आसपास रंग आला की हिशेब बरोबर. जास्त घातला तर लवकर मुरेल असं वाटतं, पण ४-५ पीपीएमच्या पुढे जिवाणूंची वाढच मंदावते.

स्पंजचं विरजण असेल तर त्याच दिवशी टाका. बाटलीतले जिवाणू घ्यायचे तर तारीख बघून घ्या, आणि भर उन्हात तीन दिवस कुरिअरच्या गाडीत तापलेली बाटली असेल तर तिच्यावर विसंबू नका. चांगली बाटली दिवस वाचवते, तपासणी वाचवत नाही.

रंग बघत राहायचं

थेंबांची किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (क्षारीयता). पट्ट्या स्वस्त असतात, पण इथे अर्ध्या पीपीएमचा फरक महत्त्वाचा असतो. तीन दिवसांनी एकदा तपासून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्याच चौकोनात लिहा. माझ्या कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशीच्या शेजारी पेन्सिलीने ‘अ २, ना ०’ असं लिहिलेलं असायचं. महिनाभराने ते पान बघितलं की सगळी गोष्ट एका नजरेत दिसते.

पहिला आठवडा काहीच होत नाही. अमोनिया तसाच. इथे लोकांचा धीर सुटतो आणि ते पाणी बदलतात किंवा स्पंज धुतात. हात लावू नका. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागतं. अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली आला की ५० मिली द्रावण घालून पहिल्या गटाला जेवायला द्या.

मग येतो सगळ्यात लांबणारा टप्पा. अमोनिया दिवसात संपतो, पण नायट्राइट चढून बसतं. दुसरा गट पहिल्यापेक्षा उशिरा उभा राहतो, कारण त्याचं अन्नच पहिल्याने तयार करायचं असतं. नायट्राइट ५ पीपीएमच्या वर गेलं तर अमोनिया घालणं थांबवा आणि वाट बघा. या काळात नायट्रेटचा आकडा खरा मानू नका, नायट्राइटमुळे ती तपासणी फुगलेली दिसते. आणि मग एके दिवशी, आदल्या तपासणीला गडद जांभळी आलेली नळी फिकट येते, दोन दिवसांनी रंगच राहत नाही. तो दिवस मला दर वेळी आनंद देतो.

बहुतेक टाक्यांना चार ते सहा आठवडे लागतात, विरजण चांगलं असेल तर कमी. मधे काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, असतात, नव्या टाकीत येतातच आणि ओसरतात.

गाडी अडली तर आधी केएच बघा. अमोनिया संपवताना जिवाणू पाण्यातली क्षारीयता, म्हणजे पीएच घसरू न देणारी ताकद, खातात (ही क्षारता नव्हे). २ पीपीएमच्या प्रत्येक मात्रेमागे साधारण ०.६५ डीकेएच (केएच मोजायचं एकक). ८वर सुरू झालेली टाकी पाच मात्रांनंतर ५च्या खाली येऊ शकते, पीएच घसरतो आणि जिवाणू सुस्तावतात. उपाय स्वयंपाकघरातच आहे. साडेचार ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सपाट चमचाभर, १५० लिटरला १ डीकेएच वाढवतो. पाण्यात विरघळवून हळूहळू घाला, दिवसाला एवढाच. बेकिंग पावडर नव्हे, साधा खाण्याचा सोडा.

दुसरं, क्षारता. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पंखा चालू असेल तर रोज लिटर-दोन लिटर सहज उडतं. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि पाणी खाली गेलं की साधं आरओ पाणी घाला, खारं नाही.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. संध्याकाळी डास येतात, आपण अगरबत्ती लावतो नाहीतर फवारा मारतो, आणि टाकीचा हवेचा पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. या औषधांमधली बरीचशी मासे आणि झिंग्यांना विषारी आहेत. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी बरी.

शेवटची परीक्षा

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले म्हणजे लगेच झालं असं नाही. पूर्ण १०० मिली द्रावण घाला आणि बरोबर २४ तासांनी तपासा. दोन्ही शून्य हवेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० मिली, पुन्हा २४ तास, पुन्हा शून्य. एवढं जमलं तर टाकी मुरली. एखाद्या दिवशी नायट्राइट पाव पीपीएम उरलं तर अजून चार-पाच दिवस द्या.

आता नायट्रेट तपासा. २ पीपीएम अमोनियाच्या एका मात्रेतून सुमारे ७ पीपीएम नायट्रेट तयार होतं, म्हणजे पाच-सहा मात्रांनंतर ते ३५-४० असेल. त्याच क्षारतेचं आणि तापमानाचं पाणी कालवून निम्मं पाणी बदला. दगड आणि स्पंज धुवायचे नाहीत, महिनाभराची कमाई त्यांच्यावरच बसलेली आहे. मासे यायला उशीर असेल तर दर दोन दिवसांनी २५ मिली द्रावण देत राहा, नाहीतर वसाहत उपाशी पडेल. मासे येण्याच्या आदल्या दिवशी मात्र द्रावण बंद.

पहिले मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी उत्तम, पण टाकीत पैदास केलेलीच मागा. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची बंदिस्त पैदास करून दाखवलेली आहे, त्यामुळे समुद्रातून धरलेले मासे घेण्याचं कारण नाही. दुकानात त्यांना खाताना बघून मग घ्या. घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मासे पिशवीच्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या आणि बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब अर्धा-पाऊण तास सोडा. लांबून, बराच वेळ बंद पिशवीतून आले असतील तर हे लांबवू नका. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. मासे जाळीने किंवा पेल्याने उचलून टाकीत सोडा, बादलीतलं पाणी मोरीत ओता.

त्या रात्री दिवा लावू नका, दाणाही नको. मासे दगडाआड जाऊन बसतील, बसू द्या. सकाळी उठल्यावर आधी कल्ल्यांची हालचाल बघा, मग अमोनिया तपासा, आणि आठवडाभर रोज तपासा. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी.